चावी परक्याच्या हाती, जबाबदारी मालकाच्या माथी : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : खासगी नोंदणीच्या मोटारी अ‍ॅपद्वारे अनोळखी व्यक्तींना भाड्याने देण्याच्या व्यवहाराला स्वतंत्र कायदेशीर चौकट देण्याबाबत

महोदय,

स्वतःच्या वापरासाठी घेतलेली, पांढऱ्या नंबरप्लेटची मोटार काही तासांसाठी किंवा काही दिवसांसाठी अनोळखी माणसाला भाड्याने देण्याचा व्यवहार देशातील मोठ्या शहरांत आता नवलाचा राहिलेला नाही. परंतु तो ज्या कायद्याच्या कसोटीवर तपासला जायला हवा, त्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये या व्यवहाराला ना व्याख्या आहे, ना स्वतंत्र जागा. या उणिवेचा भार आज तिघांवर पडतो : मोटारीच्या मालकावर, ती भाड्याने घेणाऱ्यावर आणि या दोघांशी काडीचाही संबंध नसलेल्या, रस्त्याने चाललेल्या तिसऱ्या माणसावर. व्यवहार जुळवून त्यातून हिस्सा घेणारी कंपनी मात्र जबाबदारीचा प्रश्न आला की बाजूला उभी असलेली दिसते. ही विषमता दूर करण्याचे साधन आपल्या मंत्रालयाच्या हाती असल्यामुळे हे पत्र आपल्याला उद्देशून आणि जाहीरपणे लिहिण्यात येत आहे.

ज्याला ‘पिअर टू पिअर कार शेअरिंग’ असे म्हटले जाते, त्या व्यवहाराची रीत प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. नेहमीच्या भाडे-कंपनीकडे स्वतःच्या मोटारींचा ताफा असतो आणि त्यांचा परवाना, विमा व देखभाल ही सर्व तिचीच जबाबदारी असते. येथे मात्र कंपनीकडे मोटार नसते, असते ते केवळ एक अ‍ॅप. मालक आपल्या मोटारीची छायाचित्रे, आरसी आणि विम्याची कागदपत्रे त्यावर चढवतो, मोटार कोणत्या वेळी उपलब्ध आहे ते कळवतो आणि बहुधा तिच्यात ठावठिकाणा दाखवणारे जीपीएस यंत्र बसवून घेतो. भाड्याने घेणारा आपले लायसन्स व ओळखपत्र अपलोड करतो, भाडे आणि अनामत भरतो आणि मोटार घेऊन जातो. कंपन्यांच्या परिभाषेत यातील पहिला ‘होस्ट’ आणि दुसरा ‘गेस्ट’ होय. भाड्यातील ठरावीक वाटा कंपनी ठेवून घेते आणि उरलेली रक्कम मालकाच्या खात्यात जमा होते.

या पद्धतीचा व्यापारी इतिहास फार जुना नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील गेटअराउंड ही कंपनी २००९ मध्ये स्थापन झाली आणि बोस्टनमध्ये सुरू झालेल्या रिलेराइड्सने २०१० मध्ये सेवा देण्यास प्रारंभ केला. हीच कंपनी २०१५ पासून टुरो या नावाने ओळखली जाते. भारतात बेंगळुरूची झूमकार २०१३ मध्ये सुरू झाली ती स्वतःच्या ताफ्यातील मोटारी सेल्फ ड्राइव्ह पद्धतीने, म्हणजे चालकाविना, भाड्याने देणारी कंपनी म्हणून. पुढे तिने ताफा बाळगण्याऐवजी इतरांच्या मोटारी अ‍ॅपवर आणण्याचा मार्ग धरला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती अमेरिकेतील नॅसडॅक या शेअर बाजारात दाखल झाली. मोटार विकत घेण्यात गुंतणारे भांडवल आणि तिची वर्षागणिक होणारी घसारा-हानी कंपनीच्या हिशेबातून उतरून मालकाच्या हिशेबात गेली, हे या स्थित्यंतराचे आर्थिक सार आहे.

मालक हा भार का स्वीकारतो, याचे उत्तरही तितकेच व्यावहारिक आहे. पुण्या-मुंबईतील नोकरदार कुटुंबाची मोटार आठवड्यातील बहुतेक वेळ सोसायटीच्या आवारात उभी असते, तर कर्जाचा हप्ता, विम्याचा वार्षिक हप्ता आणि पार्किंगचे शुल्क यांना सुटी नसते; ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत अशा अनेक घरांत तर मोटार महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली असते. दुसऱ्या बाजूला वर्षातून चार-सहा वेळा कोकणात किंवा गावी जाण्यापुरतीच मोटार लागणाऱ्या कुटुंबाला ती विकत घेण्याची सक्ती राहत नाही. उभ्या मोटारीचा उपयोग व्हावा आणि प्रत्येक गरजेसाठी नवी मोटार रस्त्यावर येऊ नये, ही कल्पना मुळात सार्वजनिक हिताच्या विरोधी नाही. म्हणूनच हा व्यवहार सरसकट बंद करावा अशी या पत्राची मागणी नाही. तो कोणाच्या जोखमीवर चालावा, एवढाच प्रश्न आहे.

कायद्याची सद्यःस्थिती पाहता पहिली अडचण परवान्याची आहे. अधिनियमाच्या कलम ६६ नुसार ‘परिवहन वाहन’ म्हणून वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला परवाना लागतो, आणि भाडे किंवा मोबदला घेऊन प्रवासी वाहून नेण्यासाठी वापरले जाणारे वाहन या वर्गात मोडते. परवान्याविना असा वापर केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९२-अ खाली पहिल्याच गुन्ह्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कारावास आणि १०,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. यावर कंपन्यांच्या बाजूने असा युक्तिवाद करता येतो की, भाडेकरू मोटार स्वतः चालवतो आणि स्वतःच्याच माणसांना नेतो, मालक कोणालाही भाडे घेऊन वाहून नेत नाही, म्हणून हा वापर प्रवासी वाहतुकीचा नव्हे. हा युक्तिवाद टिकणारा आहे की नाही याचा निर्णय रस्त्यात मोटार अडवणाऱ्या आरटीओच्या निरीक्षकावर सोडून देणे, हे कोणत्याही सुव्यवस्थित कायद्याचे लक्षण मानता येत नाही.

स्वतः चालवण्यासाठी मोटार भाड्याने देण्याच्या धंद्याचा विचार संसदेने केलाच नव्हता, असेही नाही. कलम ७५ नुसार मोटारकॅब किंवा मोटारसायकल, ग्राहकाने स्वतः चालवण्यासाठी अथवा चालकासह, भाड्याने देण्याच्या धंद्याचे नियमन करणारी योजना अधिसूचनेद्वारे आखण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि त्यानुसार रेंट-अ-कॅब योजना, १९८९ अमलात आली. तिच्याखालील परवानाधारकाकडे पर्यटक परवाना असलेल्या किमान ५० मोटारकॅब असाव्यात, त्यांतील निम्म्या तरी वातानुकूलित असाव्यात, त्याच्याकडे कार्यालय, वाहने उभी करण्याची जागा आणि चोवीस तास चालणारा दूरध्वनी असावा, अशा तिच्या अटी आहेत. या वाहनांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली नंबरप्लेट लावावी लागते आणि गोव्याच्या रस्त्यांवर ती सर्वांच्या परिचयाची आहे. मोबाइल फोन देशात येण्यापूर्वी, मोठ्या पर्यटन कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या या योजनेत एकाच मोटारीच्या मालकाला प्रवेशच नाही.

दुसरे दार २०१९ च्या दुरुस्तीने उघडले, पण तेही या व्यवहाराच्या बाजूला नाही. त्या दुरुस्तीने अधिनियमात ‘अ‍ॅग्रिगेटर’ ही संज्ञा आली. तिच्या व्याख्येनुसार प्रवाशाची वाहतुकीसाठी चालकाशी गाठ घालून देणारा डिजिटल मध्यस्थ किंवा बाजारपेठ म्हणजे अ‍ॅग्रिगेटर, आणि परवान्याविना असा धंदा करणाऱ्यास कलम १९३ खाली २५,००० रुपयांपासून १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. टॅक्सी बोलावण्याच्या अ‍ॅपना ही व्याख्या चपखल बसते. परंतु ज्या व्यवहारात प्रवासी आणि चालक असे दोघे नसतातच, तर मोटारीचा मालक आणि तिचा तात्पुरता ताबेदार असे दोघे असतात, तो व्यवहार या व्याख्येच्या शब्दांबाहेर राहतो. परिणामी १९८९ च्या योजनेसाठी फार लहान आणि २०१९ च्या व्याख्येसाठी फार वेगळा असा हा धंदा दोन्ही दरवाजांच्या मधल्या बोळात वाढला असून, तेथे परवाना मागणारेही कोणी नाही आणि परवाना देणारेही कोणी नाही.

अशा परिस्थितीत कंपन्या आपली ओळख मध्यस्थ अशी करून देतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ ने मध्यस्थाला, म्हणजे इतरांची माहिती केवळ वाहून नेणाऱ्या किंवा साठवणाऱ्या संस्थेला, त्या माहितीबद्दलच्या उत्तरदायित्वातून सशर्त सूट दिली आहे. ही सूट संदेश आणि जाहिराती पोहोचवणाऱ्यांसाठी समजण्यासारखी आहे. परंतु जी कंपनी भाड्याचा दर सुचवते, भाडेकरूची कागदपत्रे तपासते, पैसे स्वतःच्या खात्यात घेते, मोटारीचा ठावठिकाणा पाहते आणि वाद झाल्यास नुकसानीची रक्कमही ठरवते, तिचे काम निरोप पोहोचवण्याच्या फार पुढे गेलेले असते. नियंत्रण जेथे आहे तेथे उत्तरदायित्वही असावे, हे साधे तत्त्व येथे लागू करण्यास कोणतीही तात्त्विक अडचण दिसत नाही.

या सगळ्यात सर्वांत गंभीर प्रश्न विम्याचा आहे, कारण त्याचे परिणाम अपघातानंतरच उघडे पडतात. खासगी मोटारीच्या विमापत्रात ‘वापराच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली एक अट छापलेली असते आणि तीनुसार भाड्यासाठी किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर विम्याच्या संरक्षणाबाहेर असतो. बहुतेक मालकांनी ती कधी वाचलेली नसते. या अटीला अधिनियमाचाही आधार आहे. भाड्याने चालवण्याचा परवाना नसलेले वाहन भाड्याने वापरल्यास तो विमा कंपनीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे घेता येण्याजोगा बचाव आहे, असे कलम १५० स्पष्टपणे सांगते. म्हणजे ज्या मालकाने वर्षानुवर्षे हप्ते भरले, त्याचे विमापत्र नेमके त्या दिवशी निरुपयोगी ठरू शकते, ज्या दिवशी मोटार त्याच्या हातात नव्हती.

न्यायालयांनी अपघातग्रस्ताला वाऱ्यावर सोडलेले नाही, हे खरे. ‘आधी भरा, मग वसूल करा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वानुसार विमा कंपनीने प्रथम अपघातग्रस्ताला भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग (२००४) या प्रकरणापासून अनेकदा स्वीकारला आहे. अमृतपाल सिंग विरुद्ध टाटा एआयजी (२०१८) या प्रकरणात परवान्याविना वाहन वापरणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग ठरवून हाच मार्ग मान्य करण्यात आला. पण या तत्त्वाचा उत्तरार्ध मालकाच्या दृष्टीने भयावह आहे. मृत्यू किंवा दुखापतीबद्दल मिळणाऱ्या त्रयस्थ भरपाईला कलम १६६ खालील दाव्यात वरची मर्यादा नसते आणि कमावत्या माणसाच्या मृत्यूत ती सहज लाखोंच्या घरात जाते. आठवड्याच्या सुटीत काही हजार रुपये मिळावेत म्हणून मोटार देणाऱ्या मालकाच्या घरावर अशा वसुलीचा हुकूम येऊ शकतो.

मालक म्हणजे कोण, याचे कायद्यातील उत्तरही येथे महत्त्वाचे आहे. कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक. भाडेपट्ट्याच्या, हप्तेबंदीच्या किंवा तारणाच्या कराराखाली वाहन असेल, तर त्या कराराने ताबा असलेली व्यक्ती मालक मानली जाते. उत्तर प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळ विरुद्ध कुलसुम (२०११) या प्रकरणात वाहनावर प्रत्यक्ष ताबा आणि नियंत्रण कोणाचे होते याला न्यायालयाने महत्त्व दिले, तर नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार (२०१८) या प्रकरणात वाहन एकामागून एक अनेक हातांत गेले असले तरी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे त्यालाच मालक धरले. काही तासांच्या अ‍ॅपवरील कराराची नोंद आरसीवर कधीच होत नाही. त्यामुळे भाडेकरूने केलेल्या निष्काळजीपणाच्या प्रकरणात पहिली नोटीस मालकाच्याच दारी जाते, आणि आपण या प्रकरणात मालक नव्हतो हे सिद्ध करण्याची वणवण त्यानेच करायची असते.

भाडेकरूची स्थितीही याहून सुखावह नाही. खासगी मोटारीच्या विम्यासोबत १५ लाख रुपयांचे जे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतले जाते, ते स्वतः मोटार चालवणाऱ्या नोंदणीकृत मालकापुरते असते. भाडेकरूला त्याचा लाभ मिळत नाही. शिवाय निंगम्मा विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स (२००९) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे मत मांडले की, दुसऱ्याकडून वाहन मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी येतो आणि म्हणून त्याच्या वारसांना दोष सिद्ध न करता मिळणाऱ्या भरपाईचा दावा त्या वाहनाच्या विम्याविरुद्ध करता येत नाही. हाच न्याय भाडेकरूला लावला गेला, तर स्वतःच्या चुकीने झालेल्या अपघातात त्याच्या कुटुंबाच्या हाती काहीही उरणार नाही. ‘संपूर्ण संरक्षण’ असे शब्द अ‍ॅपवर दिसत असताना त्यामागे नेमके कोणते विमापत्र आहे, ते कोणत्या विमा कंपनीचे आहे आणि त्यातून कोणाला किती रक्कम मिळते, हे मोटार घेण्यापूर्वी दाखवण्याचे बंधन आज कोणावर नाही.

दैनंदिन पातळीवर हीच विसंगती लहान लहान रूपांत दिसते. वेगमर्यादा ओलांडल्याचे ई-चलन नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते, फास्टॅगमधून टोल त्याच्याच खात्यातून कापला जातो आणि गुन्ह्याच्या वेळी वाहन कोण चालवत होते याची माहिती देण्याचे बंधन कलम १३३ नुसार त्याच्यावरच असते. मोटार अल्पवयीन मुलाने चालवली असल्यास कलम १९९-अ खाली पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला दोषी गृहीत धरले जाते आणि त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा मार्ग कायद्याने मोकळा ठेवला आहे खरा. पण मोठ्या भावाच्या लायसन्सवर आरक्षण करून धाकट्याने मोटार नेली, तर ही काळजी मालकाने कशी घ्यावी, याचे उत्तर कोणत्याही अ‍ॅपवर मिळत नाही. भाड्याने घेतलेली मोटार जीपीएस काढून गहाण टाकणे किंवा परस्पर विकणे, हा गुन्ह्याचा प्रकारही पोलिसांना अपरिचित नाही. ज्यांची मोटार कर्जावर आहे, त्यांच्या बाबतीत बँकेच्या करारातील अटींचा भंग हा आणखी एक धोका असतो.

प्रश्नाची दुसरी बाजू परवानाधारक व्यावसायिकांची आहे आणि तिची उपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. टी परमिटची पिवळ्या पाटीची मोटार चालवणारा व्यावसायिक परवाना शुल्क व वाढीव विमा हप्ता भरतो आणि ठरावीक मुदतीने आरटीओत ‘पासिंग’, म्हणजे वाहन रस्त्यावर धावण्यास योग्य असल्याची तपासणी, करून घेतो. नवे परिवहन वाहन पहिली ८ वर्षे दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी या तपासणीतून जाते. खासगी मोटारीला मात्र नोंदणीनंतर १५ वर्षे अशी तपासणी नाही, आणि आज ती मोटारही त्याच ग्राहकाला त्याच कामासाठी भाड्याने मिळते. गोव्यातील काळ्या पाटीच्या व्यावसायिकांची, पांढऱ्या पाटीच्या मोटारी पर्यटकांना परस्पर दिल्या जातात, ही तक्रार जुनी आहे आणि ती निव्वळ मत्सरातून आलेली नाही. त्यातच घरची एक मोटार कधीमधी देणारा मालक आणि नातेवाइकांच्या नावे अनेक मोटारी घेऊन त्या केवळ भाड्यासाठी वापरणारा छुपा ताफेवाला, या दोघांत आजचा कायदा काहीही फरक करत नाही. पहिल्याला सवलत मिळावी; दुसरा व्यावसायिक आहे आणि त्याने व्यावसायिकाचे नियम पाळावेत.

बंदी हा यावरचा सोपा वाटणारा उपाय आहे. पण महाराष्ट्राचा ताजा अनुभव त्याबद्दल सावध करतो. जानेवारी २०२३ मध्ये राज्य शासनाने खासगी नोंदणीच्या वाहनांचा अ‍ॅपद्वारे प्रवासी वाहतुकीसाठी वापर करण्यास मनाई केली आणि त्याच सुमारास बाइक टॅक्सीचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजले. पुढे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ई-बाइक टॅक्सीला धोरण म्हणून मान्यता दिली. लोकांची गरज खरी असेल तर बंदीने ती नाहीशी होत नाही आणि अखेरीस नियम करावेच लागतात. मोटारींच्या बाबतीत तर बंदीने व्यवहार अ‍ॅपवरून उठून व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहांवर जाईल, आणि तेथे ना लायसन्सची तपासणी असेल, ना जीपीएस, ना कोणता करार.

इतर देशांत हा प्रश्न कसा हाताळला गेला, यातून काही शिकण्यासारखे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने हा धंदा बाल्यावस्थेत असतानाच, २०१० मध्ये, कायदा संमत केला आणि तो १ जानेवारी २०११ पासून अमलात आला. त्याची रचना अनुकरणीय आहे. मोटार भाड्यावर असताना मालकाचे उत्तरदायित्व सेवा चालवणाऱ्या कंपनीकडे जाते. कंपनीला त्या काळासाठी खासगी मोटारीच्या किमान विम्याच्या निदान तिप्पट विमा पुरवावा लागतो. मोटार अशा रीतीने दिली एवढ्याच कारणावरून मालकाचा स्वतःचा विमा रद्द करता येत नाही. प्रत्येक वापराची तारीख, वेळ, ठिकाण आणि अंतर यांची तपासता येईल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवावी लागते. आणि मालकाचे वर्षाचे उत्पन्न ती मोटार बाळगण्याच्या व चालवण्याच्या वार्षिक खर्चापेक्षा अधिक असता कामा नये. या शेवटच्या अटीने खर्च वाटून घेणारा मालक आणि नफ्यासाठी धंदा करणारा व्यावसायिक यांच्यातील रेषा एका वाक्यात आखली गेली.

न्यूयॉर्क राज्याचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे असा कायदा नसताना सेवा सुरू झाली. २०१३ मध्ये विम्याबाबत मालकांची दिशाभूल होत असल्याचा ठपका ठेवून राज्याच्या वित्तीय नियामकाने रिलेराइड्सला काम थांबवण्यास सांगितले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा झाल्यानंतरच, २०२२ मध्ये, तीच कंपनी टुरो या नव्या नावाने तेथे परतली. नियम उशिरा झाल्याने ग्राहक, मालक आणि कंपनी यांपैकी कोणाचेही भले झाले नाही. भाडेकरूच्या पडताळणीला मर्यादा असतात, हेही अमेरिकेतच दिसून आले : १ जानेवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये गर्दीवर घातलेली आणि त्याच दिवशी लास वेगासमध्ये स्फोट झालेली, अशी दोन्ही वाहने टुरोवरून भाड्याने घेतलेली होती. कागदपत्रे खरी असणे आणि हेतू चांगला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, म्हणून हेतूचा धोका एकट्या मालकावर टाकणे योग्य नाही.

या विवेचनाच्या आधारे आपल्या मंत्रालयापुढे पुढील मागण्या ठेवण्यात येत आहेत. पहिली मागणी अशी की, कलम ७५ खाली १९८९ च्या योजनेला पूरक अशी वैयक्तिक मोटारींसाठीची नवी योजना अधिसूचित करावी आणि त्यासाठी लागेल तेथे ‘मोटारकॅब’ व ‘अ‍ॅग्रिगेटर’ यांच्या व्याख्यांत दुरुस्ती सुचवावी, जेणेकरून अशा कंपन्यांना परवाना घेणे बंधनकारक होईल. दुसरी अशी की, एका कुटुंबाच्या एकाच मोटारीला आणि तिच्या वार्षिक खर्चाइतक्याच उत्पन्नाला या योजनेची सवलत असावी. त्यापलीकडे जाणाऱ्याने काळ्या पाटीची नोंदणी, कर आणि परवाना स्वीकारावा. तिसरी मागणी विम्याची आहे : मोटार भाड्यावर असेल त्या काळात कंपनीचे विमापत्र हेच मुख्य विमापत्र मानावे, त्यात त्रयस्थाची भरपाई, मोटारीचे नुकसान आणि भाडेकरूचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे तिन्ही अंतर्भूत असावे, विमा कंपनीला मालकाविरुद्ध वसुलीचा हक्क नसावा आणि मालकाचे नेहमीचे विमापत्र त्या कारणाने बाधित होऊ नये. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाशी विचारविनिमय करून असे प्रमाणित विमापत्र तयार करणे शक्य आहे.

चौथी मागणी नोंदीची आहे. वाहनांच्या नोंदणीचे ‘वाहन’ आणि लायसन्सचे ‘सारथी’ हे दोन्ही राष्ट्रीय संगणकीय कोश आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. प्रत्येक भाडेव्यवहाराची सुरुवात आणि शेवट, तसेच ताबेदाराचा लायसन्स क्रमांक, ‘वाहन’ कोशात तात्पुरत्या नोंदीच्या रूपाने आला, तर त्या काळातील चलन थेट ताबेदाराच्या नावे निघेल, कलम १३३ खालील प्रश्नाचे उत्तर तयार असेल आणि मोटार गहाण ठेवू पाहणाऱ्याचा डावही लवकर उघड होईल. लायसन्सची पडताळणी केवळ छायाचित्रावरून न करता ‘सारथी’ कोशातून व्हावी आणि चावी हाती देताना घेणाऱ्याची ओळख पुन्हा पटवली जावी. पाचवी मागणी अशी की, भाड्याने दिल्या जाणाऱ्या खासगी मोटारीची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, कारण ब्रेक आणि टायरची झीज नंबरप्लेटचा रंग पाहून होत नाही.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. कंपन्या म्हणतील की इतक्या नियमांनी भाडे महाग होईल आणि धंदाच बसेल. परंतु अपघाताची किंमत आज नाहीशी झालेली नाही, ती केवळ मालकाच्या आणि अपघातग्रस्ताच्या खात्यावर लपलेली आहे. खरा खर्च भाड्यात धरल्यावर जो धंदा चालत नाही, तो मुळात दुसऱ्याच्या पैशावर चाललेला असतो. टॅक्सी व्यावसायिक म्हणतील की ही मागच्या दाराने दिलेली सवलत आहे; त्यांना उत्तर असे की उत्पन्नाची मर्यादा आणि एका मोटारीची अट काटेकोर पाळली गेली, तर छुप्या ताफ्यांची स्पर्धा संपेल आणि आज नियम पाळणाऱ्याला जो तोटा होतो तो कमी होईल. राज्य सरकारांचा महसूल बुडेल ही भीतीही रास्त आहे. तिच्यावर प्रत्येक भाडेदिवसामागे लहानसे शुल्क आकारून ते थेट कंपनीकडून वसूल करण्याचा उपाय आहे.

नियम होईपर्यंतही मंत्रालयाला एक गोष्ट तातडीने करता येण्यासारखी आहे. खासगी नोंदणीची मोटार अ‍ॅपवर देण्याने परवान्याच्या, विम्याच्या आणि भरपाईच्या बाबतीत मालकावर कोणते परिणाम होऊ शकतात, याचे एक पानी निवेदन मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध करावे आणि मालकाने ते वाचून मान्यता दिल्याखेरीज मोटार अ‍ॅपवर येणार नाही, असा निर्देश द्यावा. मोटार देणाऱ्या नागरिकांनीही तोवर आपल्या विमा कंपनीकडून आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय चावी परक्याच्या हाती देऊ नये. तोंडी आश्वासनाला न्यायाधिकरणात किंमत नसते.

रस्त्यावर प्राण गमावणाऱ्याच्या कुटुंबाला, धडकलेली मोटार मालकाची होती, भाडेकरूची होती की अ‍ॅपवरची होती, याच्याशी कर्तव्य नसते. त्याला वेळेवर आणि पूर्ण भरपाई मिळायला हवी. ज्याने नफा घेतला त्याने जोखीमही घ्यावी, हे तत्त्व कायद्यात लिहिले गेले तर हा व्यवहार निर्धोकपणे चालू शकेल. ते लिहिले जाणार नसेल तर तो चालू देण्याचा नैतिक अधिकार शासनाला उरत नाही. १९८९ ची योजना बदलण्यासाठी आणखी एखाद्या मोठ्या अपघाताची वाट न पाहता आपल्या मंत्रालयाने नव्या योजनेचा मसुदा हरकती व सूचनांसाठी लवकरात लवकर प्रसिद्ध करावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

कळावे.

एक वाहनधारक नागरिक